कट्ट्यावरचं दूध

सन १९७१, मार्चमधला पगाराचा दिवस, संध्याकाळ. कोल्हापुरातला दूध कट्टा. हजर: आमचे हेडक्लार्क आबा, ऑफिसातले दोन कारकून, म्हशीचा गवळी आणि मी. अर्ध्या लिटरचा ग्लास बारा आण्याला. चार ग्लास, तीन रुपये. पैसे माझे, कारण त्याच दिवशी मला नोकरीत कायम केल्याचा हुकूम मिळाला होता.

ही रीत बाहेरच्याला सांगावी लागते. गवळी म्हशी घेऊन चौकात येतात. गिऱ्हाइकासमोर थेट ग्लासात धार काढतात. दूध कोमट, वर बोटभर फेस. ते उभ्यानं, एका दमात प्यायचं. मध्ये थांबला तो कच्चा. ऑफिसात कुणी कायम झाला की त्याला इथं आणत.

त्याआधी मी नुसतं दूध कधी प्यायलो नव्हतो. आमच्या घरी चहासुद्धा कोरा, गुळाचा. पण मागं हटणं शक्य नव्हतं. नोकरीच्या चार वर्षांत पहिल्यांदाच या लोकांनी मला सोबत घेतलं होतं. मी ग्लास संपवला. थोड्याच वेळात पोटात पिळा पडला आणि सगळं गटारीच्या कडेला बाहेर आलं.

गवळी तांब्या घेऊन धावला. "बसा पावणं, चूळ भरा," म्हणाला. तांब्या माझ्या हातात देणार, एवढ्यात आबा बोलले.

"हातात नको. वरनं वत."

मी ओंजळ धरली. पाणी वरून पडलं. मग आबा त्या दोघांकडं वळले. "दूध पचायलाबी कूळ लागतंय. ह्यांच्यात म्हस मेल्यावरच दारात येती."

दोघं हसले. एकाचं दूध नाकात गेलं, इतका हसला.

खोटं असतं तर एवढं लागलं नसतं. आमचं गाव गडहिंग्लजकडचं. आम्ही महार. गावात कुणाची म्हैस मेली की ओढायला माझ्या बापाला बोलावणं यायचं. कातडं, मांस आमच्याकडं. जिवंत म्हशीच्या सडाला आमचा हात लागला तर विटाळ. मी चौथीत असताना बापानं ते काम सोडलं. मेलेली म्हैस बंद झाली. जिवंतीचं दूध काही सुरू झालं नाही.

त्यानंतर आबांनी नियमच काढला. पगाराच्या दिवशी सगळ्यांनी कट्ट्यावर जायचं, आणि जो पिणार नाही त्यानं सगळ्यांचं द्यायचं. न पिणारा एकटा मी. दर महिन्याला आबा विचारत, "काय, पोटात कूळ आलं का?" मी हसत असे आणि पैसे देत असे.

घरी मी पोटाला शिकवायला घेतलं. सकाळी दोन चमचे दूध, मग अर्धी वाटी, मग वाटी. औषधासारखं नाक दाबून. पोट फुगायचं, गुरगुरायचं. ऑफिसात खुर्चीवर बसवत नसे. बायको म्हणायची, सोडा हे. मी ऐकलं नाही. एकदा सगळ्यांसमोर ग्लास रिकामा करून दाखवायचा, एवढंच डोक्यात होतं. वरची जागा रिकामी होणार होती, आणि शिफारस आबांच्या हातात होती.

पुढच्या वर्षी दिवाळीत मेव्हणा रजेवर आला. पलटणीत होता, पूर्वेकडच्या डोंगरात ठाणं. सकाळी मला वाटी तोंडाला लावून डोळे मिटताना त्यानं पाहिलं आणि बहिणीला विचारलं, दाजींना काय झालंय. तिनं सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "दाजी, आमच्या ठाण्याजवळ डोंगरात एक गाव हाय. दुधाला कोण इचारत न्हाय. तिथल्या मुखियाला आमी भेट म्हणून दुधाचा डबा दिला. त्यानं वास घेतला आन् कुत्र्याफुडं वतला. आमाला म्हणला, हे वासराचं, तुमी वासरं हाय काय? आता त्यो म्हातारा हलक्या कुळाचा व्हय? त्यो आला की आमचा सुभेदार उठून हुबा ऱ्हातोय."

मी वाटी खाली ठेवली. तो म्हणाला, "आबाला खूश कराया सवताचं पोट कशाला जाळताय?"

"दीड वरीस मी दुसरं काय म्हणतीया?" बायको चुलीपुढून म्हणाली.

माझ्या पोटात खोट नव्हती. कुठं दूध पितात, कुठं पीत नाहीत. आबांनी त्याचं कूळ केलं होतं, आणि मी ते खरं धरून रोज सकाळी गिळत होतो. वाटीतलं दूध मी मोरीत ओतलं.

पुढचा पगार. तोच कट्टा, तीच माणसं. आबांनी माझा ग्लास स्वतः भरून घेतला आणि माझ्यापुढं धरला. "आज पी. साहेबांकडं तुझं नाव लिवायचं हाय. आमच्यात बसून पीत न्हाय, त्येच्याबद्दल काय लिवू?"

घरात खाणारी सहा माणसं होती. वरच्या जागेला पगार वाढणार होता. हे सगळं मला त्या क्षणी नीट माहीत होतं.

मी म्हणालो, "लिवा, दूध पीत न्हाय. माझ्या बापानं तुमच्यासारख्यांच्या म्हशी वढल्या, तवा कुणी वाटीभर इचारलं न्हाय. आता तुमी पाजून मला माणसात घ्यायची गरज न्हाय. मी माणसातच हाय."

कुणी हसलं नाही. आबांचा हात तसाच पुढं राहिला. नंतर त्यांनी तो ग्लास दगडी कट्ट्यावर आपटून ठेवला. फेस उडाला.

"नाव जात न्हाय तुझं," ते म्हणाले.

नाव गेलं नाही. वरची जागा चार वर्षं उशिरा आली. त्या चार वर्षांचा मला पश्चात्ताप नाही आणि आबांना माफीही नाही. माझ्या घरात ज्याला दूध हवं तो पितो, नको तो पीत नाही. कुणाच्या तोंडाला ग्लास लावू देणार नाही, आणि लावणाऱ्याचा हात धरायला मी उठेन.

त्या संध्याकाळी गवळ्यानं माझ्या नावानं धार काढली होती. त्याचा दोष नव्हता. तोपर्यंत भाव वाढून ग्लास रुपयाला झाला होता. तो एक रुपया मी त्याच्या हातात दिला. हातातच, वरून टाकला नाही. उरलेल्या तिघांचे दिले नाहीत.