घाटाच्या उतारावर आडवी आलेली हातगाडी

हे निवेदन मी कोणत्याही कार्यालयास उद्देशून लिहीत नाही. माझ्या बाबतीत ही नवीच गोष्ट आहे, कारण निवृत्तीनंतरची माझी बहुतेक वर्षे पत्रे लिहिण्यातच गेली. वीज, पाणी, कर्णे, पदपथ, बँकेतील रांग; ज्या ज्या विषयावर शासनाने नियम केला आहे, त्या त्या विषयावर माझे एक तरी पत्र गेलेले आहे. राग हा माझा स्वभाव, आणि त्याला मी कायद्याचे स्वच्छ कपडे घालून बाहेर पाठवीत असे. हे लिहिताना लाज वाटते. पण जे घडले ते लाज राखून सांगता येण्यासारखे नाही.

मी जबलपूरला रांझीत राहतो. आमचे घराणे मूळचे वर्ध्याकडचे. वडील इथल्या संरक्षण कारखान्यात लागले, त्यांच्यामागून मीही लागलो. मी तपासणी विभागात होतो. दुसऱ्याने घडवलेला भाग मापात आहे की नाही ते सांगायचे आणि नसेल तर तो परत पाठवायचा, हे माझे काम. ती सवय घरीही सुटली नाही. नवी शेगडी असो की जावयाने आणलेला पंखा, मी तपासल्याशिवाय आणि ‘तपासले, योग्य’ अशी सहीची चिठ्ठी लावल्याशिवाय आमच्याकडे काही वापरात येत नसे. नर्मदामाईवर माझी श्रद्धा होती. दर पौर्णिमेला पत्नीसह ग्वारीघाटावर स्नानाला जाण्याचा नेम होता. पण तीही अर्जदाराचीच श्रद्धा होती. मी नेम पाळतो, तेव्हा तिने आमचे रक्षण करावे, असा माझा रोख असे. त्या हिवाळ्यात तर मनात शंकाच शिरली होती. माझ्या पत्रांना कोणी उत्तर देत नाही, तशी माईही ऐकत नसावी, असे वाटू लागले होते.

त्यात मोटारसायकलचा पुढचा ब्रेक गेला. गाडी जुनी, तिचे भाग कंपनीने बनवणे बंद केले होते. विक्रेत्याने हसून नवी गाडी घ्यायला सांगितले. मी कंपनीला लिहिले, पुन्हा लिहिले, कायद्याची कलमे घालून लिहिले. उत्तर आले नाही. तेव्हा मी संतापाने ठरवले की यांच्या दारात जायचेच नाही. नागपूरच्या भाच्याच्या ओळखीने शर्यतीच्या मोटारसायकलचा ब्रेक मिळवला; चाकाजवळ चकती धरणारा कॅलिपर आणि त्याचे पॅड. मुठीजवळचा पंप मात्र तिसऱ्याच, मोठ्या गाडीचा. हे सारे घेऊन मी आमच्या रज्जू मिस्त्रीकडे गेलो; त्याच्याही प्रत्येक दुरुस्तीवर माझी एखादी चिठ्ठी जात असे.

रज्जूने तो माल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “बाबूजी, नीचे का माल रेस का, ऊपर का पंप किसी और का. लीवर लकड़ी हो जाएगा, दबाओगे तो ताकत नीचे पहुँचेगी ही नहीं. और ये पैड ठंडे में पकड़ते नहीं. रेसवाला पहले चक्कर मारकर इन्हें गरम करता है. आप क्या घाट पे चक्कर मारोगे?”

दुकानातले सगळे हसले. मी म्हणालो, “हे मला लेखी द्या.”

“लिखना आता तो इतने साल आपकी चिट्ठियाँ चुपचाप खाता क्या?”

त्या हसण्याचा राग मनात धरून मी घरी आलो आणि स्वतःच कामाला लागलो. कॅलिपर बसवण्यासाठी लेथवर पट्टी करवून घेतली. बोल्ट इतके नेमके बसले की मला कारखान्यातले दिवस आठवले. गाडी स्टँडवर चढवली, पुढचे चाक हाताने फिरवले, लीवर दाबला. चाक जागच्या जागी थांबले. लीवर दगडासारखा कडक लागला. त्या कडकपणालाच मी ताकद समजलो. हाताने फिरवलेले चाक कोणताही ब्रेक थांबवतो, आणि बोल्ट बसला म्हणून भाग जुळला असे होत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे भाग नाकारले, त्याला हे कळू नये? मी चिठ्ठी लावली. तपासले, योग्य.

पत्नी दारातून पाहत होती. “रज्जू नाही म्हणून राहिला, तर काहून हट्ट करून राहिले तुम्ही?”

“तो अडाणी आहे,” मी म्हणालो.

पौष पौर्णिमेला पहाटे आम्ही निघालो. धुके दाट होते आणि रस्ते रिकामे. गाडी हळूच चालवावी लागत होती, मागच्या ब्रेकवर काम भागत होते; पुढचा दाबण्याची वेळच आली नाही. घाटाकडे उतरणारा रस्ता आला तेव्हा उजाडले होते, धुके विरळले होते आणि गाडीने वेग घेतला होता. उताराच्या तळाशी नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांची पंगत रस्त्यातच बसलेली दिसली. कोणीतरी त्यांच्यासाठी भंडारा मांडला होता. मी लीवर दाबला. तो कडक होता आणि गाडीला त्याचे काहीच नव्हते. मागचा ब्रेक दाबला, तर ओल्या फरशीवर मागचे चाक घसरू लागले. पुन्हा लीवर, सगळ्या अंगाच्या जोराने. पंगतीतल्या बायांनी माना वर केल्या, त्यांचे चेहरे मला दिसू लागले. कबूल करतो, त्या क्षणी माझ्या तोंडी माईचे नाव नव्हते. मनात एवढेच आले की हे रज्जूवर कसे ढकलता येईल.

तेवढ्यात डावीकडून पत्रावळींच्या गठ्ठ्यांनी भरलेली एक हातगाडी रस्त्यात आडवी आली, आणि आम्ही तिच्यात घुसलो. गठ्ठे फुटले. आम्ही पानांच्या ढिगात पडलो. माझा गुडघा सोलवटला आणि पत्नीचे मनगट मुरगळले, याहून अधिक काही झाले नाही. पंगत चार हातांवर होती.

उठल्याबरोबर मी काय केले? कानाला मफलर गुंडाळलेला हातगाडीवाला माझ्या पत्नीला उठवीत होता, आणि मी त्याच्यावर ओरडलो. “सार्वजनिक रस्त्यावर गाडी आडवी! नाम बताओ अपना!”

“हल्के नाम है, बाबूजी. माताजी को बैठ जाने दो, फिर डाँट लेना.”

मी वही काढून नाव लिहिले. पत्नी मनगट धरून म्हणाली, “अवो, तो मधात आला म्हणून वाचलो आपण. पाहून नाही राहिले काय?” धक्क्याने तिला भ्रम झाला असे मी ठरवले. त्याच दुपारी घाटाजवळच्या चौकीत माझी तक्रार गेली: रहदारीस अडथळा, निष्काळजीपणा, इजा. माझ्या कोणत्याही पत्राची इतक्या त्वरेने दखल घेतली गेली नव्हती. संध्याकाळी हल्केची गाडी चौकीच्या अंगणात साखळीने बांधली गेली. ते कळल्यावर मी समाधानाने जेवलो.

तक्रार परिपूर्ण व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन जागेचा नकाशा काढायला गेलो. हातगाडीची रोजची जागा कडूनिंबाखाली होती. चाकांना लावायच्या दोन विटा तिथेच पडल्या होत्या, त्यातली एक दूर उडालेली. आणि झाडापासून रस्त्याच्या मधोमध फरशीवर एक पांढरा ओरखडा गेलेला होता, सरळ, एकाच ओढीत. गाडी उभी राहावी म्हणून जो लोखंडी टेकू असतो, त्याचा तो ओरखडा. मी टेप लावून वाकलो आणि तसाच थांबलो. गाडी आडवी उभी नव्हतीच. टेकू उचलायलाही न थांबता कोणीतरी ती ओढीत आणली होती.

शेजारी एक फुलवाली बसली होती. “नाप लिया? अब ये भी लिख लो कि वो तुम्हारे सामने कूदा था. हम चिल्लाए, हल्के, मर जैहै! वो बोला, उते पंगत बैठी है.” मग माझ्याकडे न पाहता फुले निवडत ती म्हणाली, “ठेला ही उसका चूल्हा है. वो भी बंद करा दिया तुमने.”

मी पायऱ्या उतरून पाण्याजवळ बसलो. हात जोडावेत असे वाटले, पण जोडवले नाहीत. मी माईला हाक मारली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. सदोष भाग माझ्या हातचा, सही माझी. आणि जो माणूस आपले शरीर मध्ये घालून त्या बायांना, माझ्या पत्नीला आणि मला वाचवता झाला, त्याचीच उपजीविका मी साखळीने बांधून आलो होतो. हा चमत्कार होता की हल्केचे धैर्य, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. कृपा आली ती माझ्या ओळखीच्या रूपाने आली नाही, म्हणून मी तिच्याविरुद्ध तक्रार केली, एवढे मात्र मी शपथेवर सांगू शकतो.

तिथून मी चौकीत गेलो आणि जबाब लिहिला. ब्रेकचे भाग वेगवेगळ्या गाड्यांचे होते. मिस्त्रीने मनाई केली असता ते मी स्वतः बसवले. हातगाडी अडथळा म्हणून उभी नव्हती. तिच्या मालकाने जिवावर उदार होऊन ती मध्ये आणली. तक्रार मागे घेतो. कारवाई करावयाची झाल्यास माझ्यावर व्हावी. हवालदाराने वाचून डोके खाजवले. “बाबूजी, कल ठेलेवाला दोषी, आज आप दोषी. कल कहीं मेरा नाम मत लिख देना.” मग आवाज चढवून त्याने मला चांगलेच सुनावले.

हल्के पत्रावळींचे नवे गठ्ठे डोक्यावर घेऊन आला. साखळी सुटली. वाटेत जुळवलेली माझी वाक्ये मला आठवेनात. त्याने वाकलेले चाक फिरवून पाहिले आणि म्हणाला, “आपने तो खाली चिट्ठी लिखी. मेरी घरवाली कल से बोली नहीं, कि भंडारे के पत्तल काहे बिगाड़े.” मग नव्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “चलो, आज की पंगत बैठ गई होगी. हाथ लगाओ.”

मोटारसायकल आता रज्जूकडे आहे. तो म्हणेल ते भाग बसतील, तो म्हणेल तेव्हा बसतील. तोवर आम्ही बसने घाटावर जातो. पण मला सांगायचे आहे ते त्या दिवसाचे. परिक्रमावासी ओळीने बसले होते आणि मी प्रत्येकापुढे वाकून पान मांडत होतो. एका म्हातारीने मान वर करून म्हटले, “नर्मदे हर, बाबा,” आणि मीही ‘नर्मदे हर’ म्हणून पुढचे पान मांडले. ओळ लांब होती. गुडघा ठणकत होता. कोणीतरी आपल्याला ‘तुम्ही बसा’ म्हणावे, असे मधूनमधून वाटत होते. कोणी म्हटले नाही. शेवटच्या पानापर्यंत मला वाकू दिले, ही माईचीच कृपा.