वजनकाटा आणि आखाजीचा झोका

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या सभागृहात दर शनिवारी वजन कमी करण्याचा वर्ग भरतो. शेजारणीने मला ओढूनच नेलं. अशा प्रकारांवर माझा राग होता. आधी एका दवाखान्यात मला काही न विचारताच आहाराचा छापील कागद हातात ठेवला होता. सकाळी ओट्स, रात्री सूप. जळगावच्या हिवाळ्यात भरीत सोडून सूप प्यायचं? ‘भाजलेल्या भाज्या चालतील’ एवढं वाक्य मात्र मी मनापासून पाळलं. वांगं भाजलेलंच असतं की! वर तेलाची सढळ फोडणी पडते, ते मी धरलंच नाही. वजन वाढलं आणि वर बोलणीही मीच खाल्ली.

या वर्गातल्या नर्सने मला काट्यावर उभंच केलं नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, “काकू, वजन कमी झालं तर तुम्हाला काय करायचंय?”

मी फटकन बोलून गेले, “झोका खेळायचाय.”

मग सगळं सांगावंच लागलं. माझं माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही लेकी माहेरी जमतो, अंगणातल्या निंबाला झोका बांधतात. गेल्या आखाजीला मी झोक्यावर बसले, तर धाकटा भाऊ ओरडला, “अक्का, झाड पडी जाई व!” सगळे हसले. भावजय तर तोंडाला पदर लावून हसली. मीही हसत हसत उतरले आणि मोरीत जाऊन रडले. यंदा माहेरी जायचंच नाही, असं ठरवून टाकलं होतं.

नर्स हसली नाही. “झोक्यावर चढायला गुडघ्यांत जोर लागतो,” म्हणाली आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकवलं. रोज मेहरूण तलावाला चक्कर मारायची ठरली. शेजारीण सोबत असल्याने गप्पांतच ती संपायची. भरीत सोडायला नर्सने सांगितलं नाही. फोडणी कशी घालता, ते विचारलं आणि तेल माझ्याच हाताने कमी करून घेतलं. पहिल्या दिवशी भरीत कोरडं लागलं म्हणून मी तिला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

आखाजी आली तोवर वजन जरासंच उतरलं होतं, पण गुडघे ऐकू लागले होते. मी गेले. पुरणपोळी खाल्ली, आणि सरळ झोक्यावर जाऊन बसले. भावाने तोंड उघडायच्या आत म्हटलं, “झाड तुन्हं शे, झोका मन्हा शे. लोट!”

त्याने मुकाट्याने लोटलं. मी मनसोक्त खेळले, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पाय टेकवले तेव्हा भावजय जवळ येऊन उभी होती. अंगाने माझ्याहून भारी. तिचं हे सासर, म्हणून झोका आम्हा लेकींचा; दर आखाजीला आमच्यासाठी रांधून ती ओट्यावरून नुसती बघायची. हळूच म्हणाली, “अक्का, माले बी बसू दे ना.”

मी उतरले आणि ती नीट बसेपर्यंत दोर घट्ट धरून ठेवला.