खाऱ्या विहिरीची भिंत

लग्न होऊन आले तेव्हापासून मी नवऱ्याच्या मागे भिंती घोटत आले. चुन्याचा शेवटचा हात तो द्यायचा आणि ओल असेपर्यंत गारगोटीनं घासून मी त्याचा आरसा करायची. अमरावतीत आमच्या कामाला कोणी नावं ठेवली नव्हती. मग तो परांचीवरून पडला. मनगट जुळलं, पण वाकडं. त्यानंतरचं पहिलं मोठं काम मिळालं अकोल्यात. कापसाच्या भावानं एकाएकी वर आलेल्या एका पाटलांच्या बैठकीच्या खोलीच्या भिंती होत्या.

भिंत घोटली तेव्हा झकास दिसली. वाळली तशी तिच्यावर पांढरी भुकटी फुटली आणि वरचा थर पापडासारखा सुटू लागला. चुना पुन्हा चाळला, जास्त भिजवला, गुळाचं पाणी वाढवलं. खरवडून नव्यानं लावलं, तरी तेच. शेवटी पाटील माझ्यादेखत त्याला म्हणाले, "मिस्त्री, तुमचा हात गेला. मी बऱ्हाणपूरचा गवंडी बोलावला."

त्यानं वाद घातला नाही, याचाच मला जास्त राग आला. थापी धुऊन त्यानं पिशवीत घातली.

"खरंच हाय," तो म्हणाला. "घरी गेलो का कापसाच्या गाड्या भरतो. त्याले सफाई नाई लागत."

थापी सोडलेला हा माणूस जगेल कसा? राग काढायला मी भिंतच खरवडायला घेतली. भुकटी ओठांवर उडाली. खारट लागली. घाम असेल म्हणून तोंड पुसून पुन्हा चाखली. खारटच! तशीच आवारातल्या विहिरीवर गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. अमरावतीत आम्ही प्यायचो त्याच विहिरीच्या पाण्यात चुना कालवायचो. इथंही चुना याच विहिरीच्या पाण्यात कालवला होता, पण प्यायला घरातून नदीचं पाणी मिळे, म्हणून ही विहीर आम्ही कधी चाखलीच नव्हती.

विहिरीच्या खारानंच भिंत फुटते असं सांगितलं, तर पाटलीणबाई हसल्या. "आमच्या इकडे सारं खारंच. पन भिंतीले काय चव कळते?"

नदीचं पाणी आणायला गाडी मागितली, तर सगळ्या गाड्या कापसावर गेलेल्या. बाईंनी प्यायच्या पाण्याचे हंडे दाखवले. "न्या. आज ताकावर भागवू."

नवरा जागचा हलेना. "तूच लाव. तुहा हात साबूत हाय."

"मी लावलं आन् टिकलं," मी म्हणाले, "तं साऱ्याइले वाटन का तुमचाच हात गेला. गोड्या पाण्याचं तुमी लावा. मी खाऱ्याचं लावतो."

पार विटेपर्यंत खरवडून आम्ही भिंतीवर शेजारी शेजारी चुन्याचे दोन तुकडे लावले. ओल होती तोवर दोन्ही मीच घोटले.

मग वाळायची वाट. तो बैठकीत पाऊल टाकेना, बाहेरच बसून राही. मी सारखी आत जाऊन बघे. बऱ्हाणपूरचा गवंडी निघाल्याचा निरोप आला, तरी दोन्ही तुकडे सारखेच चमकत होते. मला जेवण जाईना.

एका सकाळी माझ्या तुकड्यावर भुकटी दिसली, त्याचा मात्र तसाच चकचकीत होता. माझं काम बिघडलं म्हणून मी देवाला हात जोडले ते त्याच दिवशी. ओरडून त्याला आत बोलावलं. मागोमाग पाटीलही दारात येऊन उभे राहिले.

आधी त्यानं स्वतःच्या तुकड्यावरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग माझ्या तुकड्याला नख लावलं आणि सुटलेली खपली माझ्या नाकासमोर धरली. पडल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

"अवं," तो पाटलांना ऐकू जाईल असा म्हणाला, "तुहा हात गेला!"