खाडीवर ऐकू आलेले टोल

आयुष्यभर विज्ञान शिकवलं मी. "बाई, भूत असतं का हो?" असं वर्गात कुणी विचारलं की त्याला उभं करून घर्षणाची व्याख्या म्हणायला लावायचे. असले अनुभव सांगणाऱ्यांना मी कायम रिकामटेकडे म्हणत आले... आता तुम्ही मला म्हणा.

२००४ च्या आसपासची गोष्ट. गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला फ्लॅट घेतला आणि मला खाडीकडच्या एका हायस्कूलमध्ये नोकरी लागली. आसपासच्या गावांच्या छोट्या शाळा बंद करून ही एक मोठी केलेली. प्रत्येक गावाने आपली घंटा, म्हणजे टांगायचा रुळाचा तुकडा, आणून दिली होती. पण नव्या इमारतीत इलेक्ट्रिक बेल! घंटा गेल्या स्टोअररूममध्ये, मोडक्या बाकांखाली.

त्यांतल्याच मुर्धा गावचे एक आजोबा हेडमास्तरांना सांगायला आले होते. "सर, आमची तेवढी टांगा. उधानाचं पानी चढलं का तीन-तीन टोल देतो आमी. पोरं बांधावरनं लगेच मागं फिरतात. तिवरांत पानी दिसत न्हाय."

सर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

त्या दिवशी अमावास्या होती, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. शिक्षकांची मीटिंग म्हणून शाळा दुपारीच सोडली. माझी मुलगी सायली तिथेच आठवीत. व्हरांड्यात थांब म्हणून बजावलं होतं. मध्येच उठून बघते, तर पोरगी गायब! वॉचमन म्हणाला, "मॅडम, वो कविता के साथ गयी ना, मुर्धा. बांधवाले रास्ते से."

कविता तिच्याच वर्गातली, मुर्ध्याची. बांध म्हणजे जुन्या मिठागरांतून, तिवरांच्या झाडीतून जाणारी मातीची वाट. मी पळत सुटले. चप्पल कुठे तुटली कळलंही नाही. पोचले तर वाट पाण्याखाली... आणि पाणी चढतच होतं. दोन पावलं टाकली नि चिखलात मांडीपर्यंत रुतले. कशीबशी बाहेर आले. "सायलीऽऽ!" ओरडून घसा फाटला. उत्तर नाही. मला पोहता येत नाही हो! आसपास चिटपाखरू नव्हतं. कधी देवापुढे हात न जोडणारी मी, तिथे चिखलात गुडघे टेकून "घे मला, तिला सोड" म्हणत होते.

आणि टोल पडले. शाळेच्या दिशेने. ठण् ठण् ठण्... थोडं थांबून परत तीन. स्वच्छ, मोठे. कितीतरी वेळ पडत राहिले.

काही वेळाने झाडीतून दोघी आल्या. कमरेपर्यंत पाणी, हात घट्ट धरलेले. सायली रडत होती. तिला आधी एक थोबाडीत दिली, मग छातीशी धरलं.

"बाई, बरं झालं टोल दिला तुमी," कविता म्हणाली. "आमी पुढंच चाललेलो. टोल पडला नि फिरलो."

तिघी शाळेत आलो. मीटिंग चालूच होती. स्टाफरूम आणि स्टोअररूम यांच्या मध्ये एकच भिंत. मी विचारलं, "घंटा कुणी वाजवली?"

सरांनी माझ्या चिखलाने माखलेल्या कपड्यांकडे बघितलं. "कुठली घंटा? मॅडम, तुम्ही बसा आधी. पाणी आणा रे!"

कुणालाच ऐकू आलं नव्हतं. एकालाही नाही.

मी हट्टाने स्टोअररूम उघडायला लावली. कुलपाची किल्ली सरांच्याच खिशात होती. मुर्ध्याचा रुळाचा तुकडा बाकांखाली जमिनीवर आडवा, वर धुळीचा थर. मी दगड घेऊन मारला. थड्. परत मारला. थड्. जमिनीवर पडलेलं लोखंड वाजत नाही, टांगावं लागतं. हे मीच शिकवते.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती घंटा व्हरांड्यात टांगून घेतली.

सायलीला आता स्वतःची मुलगी आहे. नवरा म्हणतो, भीतीने भास झाला असेल. असेल! पण तिघींना एकच भास? आणि त्याच भासाने दोन पोरी मागे फिरल्या? मी खूप डोकं फोडलं, उत्तर नाही मिळालं.

ज्याने कुणी टोल दिला त्याला फक्त एवढं सांगायचं राहिलंय... पोरी घरी पोचल्या.