मूर्ती परत आणली त्या संध्याकाळी

मे महिन्यात पवित्र मरियेची मूर्ती घरोघरी न्यायची वसईची पद्धत आम्ही इथे आखातात, अल बर्शातही चालू ठेवली आहे. एका घरी आठवडाभर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, मग त्या घरची माणसं मूर्ती पुढच्या घरी पोचवतात. रस्त्यात उगाच चर्चा नको म्हणून ती टॉवेलात गुंडाळून सुपरमार्केटच्या पिशवीतून जाते. ती आमच्याकडे होती त्याच आठवड्यात, परदेशात पोलिसांनी एका काळ्या माणसाला रस्त्यावर दाबून मारल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला. वंशभेद हे पाप आहे, असं फादरांनी रविवारी ठणकावून सांगितलं. आम्ही रोझरीत त्या माणसासाठी खास प्रार्थना केली. आमच्या ग्रुपचं सगळं बघणाऱ्या आंटी तर रडल्याच.

आमच्या मजल्यावर युगांडाची एक बाई राहते. नर्सरीत शिकवते, आमच्याच चर्चला येते. तिने मला लिफ्टमध्ये विचारलं, मदर, म्हणजे ती मूर्ती, थोडे दिवस माझ्याकडे येईल का? तिचा धाकटा भाऊ युरोपात कामाला. पोलिसांनी त्याला वाटेत अडवून इतकं मारलं होतं की तो अजून शुद्धीवर नव्हता. हिला तिकडचा व्हिसा मिळत नव्हता. "एकटीने प्रार्थना करून दमले," ती म्हणाली. "सोबत चार माणसं हवीत."

एवढंच ना, असं वाटून मी आंटींना फोन लावला.

"अगं, पण रोझरी मराठीत असते. तिला काय कळणार?"

"परवा ज्याच्यासाठी रडलात, त्याला मराठी येत होतं?"

"तो वेगळा इशू आहे. ह्यांच्याकडे कोण येतं, कोण जातं, आपल्याला माहीत नसतं. आपल्या मुली आहेत. आणि पुढचा टर्न माझा आहे, खलास."

माझं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, जाऊ दे, रोज ह्याच लोकांत उठायचं-बसायचं आहे. मला जाऊ देता येईना. भांडी घासताना मी नळाशी भांडत होते. शेवटी ठरवलं, मूर्ती तिच्या घरी जात नाही तर तीच मूर्तीबरोबर आंटींकडे जाईल. पोचवणाऱ्यांना बाहेरून परत पाठवायचं नाही, उलट पहिली दहा 'नमो मरिये' त्यांनीच म्हणायची, हा आमचा रिवाज.

पिशवी तिच्याच हातात दिली. तिने छान इस्त्रीचा ड्रेस घातला होता, आणि वाटभर ती माझ्या मुलीला भावाच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होती. आंटींनी दार उघडलं. आत चटईवर सगळे बसले होते, मेणबत्त्या लागल्या होत्या. आंटींनी तिच्या हातून पिशवी घेतली, गोड हसल्या, "थँक यू सिस्टर, गॉड ब्लेस," म्हणाल्या. मग मला मराठीत, "तू ये गं आत."

तिला मराठी येत नाही, पण दार कळतं. ती दोन पावलं मागे सरकली.

"आंटी, मूर्ती परत द्या," मी म्हणाले.

"काय?"

"परत द्या म्हणते!" माझा आवाज लिफ्टपर्यंत गेला असेल. आतून कुणीतरी "श्श" केलं. कुणी उठलं मात्र नाही. माझ्या मुलीने पुढे होऊन आंटींच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "ममा, लेट्स गो."

शेजारणीच्या खोलीत आम्ही तिघीच बसलो. मूर्ती टेबलावर ठेवली. चार माणसं काही मला जमवता आली नाहीत. माझ्या ओळी चुकत होत्या. शेवटी तिने इंग्रजीत भावासाठी प्रार्थना केली, तो डोळे उघडू दे. मी आमेन म्हटलं. मग आज दार उघडणाऱ्या त्या बाईसाठी केली. थोडं थांबून मी आमेन म्हटलं. मग त्याला मारणाऱ्या पोलिसांसाठी केली.

माझी मुलगी आमेन म्हणाली. मला म्हणता आलं नाही.