गाणी लक्षपूर्वक ऐकते

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. मी प्राथमिक शिक्षक आहे. लालबाग आणि परळच्या मधल्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं शिकवतोय. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एकतीस मुलांबद्दल मी प्रगतिपत्रकात जे लिहिलं, ते त्या मुलांकडे बघून लिहिलेलं नव्हतं. एका छापील पुस्तिकेतून उतरवलं होतं. हजेरी क्रमांकाने.

कुणी शिक्षक हे वाचत असेल तर म्हणेल, त्यात काय एवढं, पुष्कळ जण उतरवतात. खरं आहे. त्याच आधारावर मी इतकी वर्षं गप्प बसलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ली प्रगतिपत्रकात नुसती श्रेणी नसते. प्रत्येक मुलाबद्दल दोन-चार वाक्यं लिहायची असतात. मूल चित्र कसं काढतं, गातं का, मातीत हात घालतं का, नाटुकल्यात भाग घेतं का, मैदानावर कसं असतं. कल्पना चांगली आहे, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. भाषा आणि गणित म्हणजे अख्खं मूल नव्हे असं कुणाला तरी मनापासून वाटलं, आणि त्याने हे रकाने आखले. पण मूल कसं गातं हे लिहायचं तर ते गाताना ऐकायला हवं. त्यासाठी गाण्याचा तास व्हायला हवा.

माझ्या वर्गात गाण्याचा तास होत नव्हता.

वेळापत्रकावर होता. मंगळवारी आणि शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतर. वर्गाच्या दारामागे मीच रंगीत खडूंनी चौकट काढून ते वेळापत्रक लावलं होतं. कपाटात पेटी होती, चांगली, जुन्या घडणीची. आणि पेटी मला वाजवता येते. आमच्या चाळीत कोकणातल्या मंडळींचं भजनी मंडळ होतं, तिथे मी दहाव्या वर्षापासून बसायचो. बुवांना ताप आला की त्यांची पेटी माझ्याकडे यायची. तेव्हा येत नव्हतं म्हणून शिकवलं नाही, ही पळवाटही मला नाही.

कारण वेगळं होतं. ती मुलं पहिली-दुसरी घरात बसून, फोनवर शिकून थेट तिसरीच्या बाकांवर आली होती. पाढे कच्चे, जोडाक्षरं कच्ची. त्यात आमच्या शाळेचा पट दर जूनमध्ये घसरायचा. समोरच्या गल्लीत इंग्रजी शाळा, तिचे गणवेश आमच्या फाटकावरून जायचे. पाचवीच्या शिष्यवृत्तीत मुलं चमकली की फाटकावर त्यांच्या फोटोंचा फ्लेक्स लागायचा, आणि तो बघून चार पालक आत यायचे. त्या परीक्षेचा पाया तिसरी-चौथीत घालायचा, असं आमचं ठरलेलं. मी तो घातला. संगीताचे दोन्ही तास, चित्रकलेचा एक, कार्यानुभवाचा एक. सगळे गणिताने खाल्ले.

मुलं विचारायची.

"सर, आज संगीत आहे ना?"

"आहे ना. बाराचा पाढा सुरात म्हणा."

हसायची बिचारी. मीही हसायचो. दिवाळीनंतर विचारणं बंद झालं.

शेजारचा वर्ग एका बाईंचा होता. वयाने माझ्याहून लहान, गिरगावातून यायच्या. त्यांच्या वर्गातून सतत काहीतरी वाजत असायचं. डबे, पट्ट्या, टाळ्या. मुलं परळच्या मूर्तीच्या कारखान्यातून शाडू मागून आणायची, भाजीवाल्यांच्या हाळ्या पाठ करून त्यांच्या तालावर कविता बांधायची. भिंतीपलीकडून आवाज आला की मी डस्टर आपटायचो. मधल्या सुट्टीत बाई म्हणायच्या, "सर, तुमच्या पेटीला हवा तरी दाखवा हो. उंदीर गात असतील आत."

"तुमच्या वर्गाचा निकाल बघू एप्रिलअखेर," मी म्हणायचो.

आता त्या मुलीबद्दल. हजेरी क्रमांक तेवीस. घर काळाचौकीला, वडील एका ऑफिसात शिपाई, आई शिवण करायची. मुलगी नीटनेटकी, दोन घट्ट वेण्या, अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायची. पण श्रुतलेखनात मात्र भलतंच काहीतरी लिहायची, आणि प्रश्न विचारला की आधी शेजारणीकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे. मला वाटायचं, लक्ष नाही. एकदा तीन वेळा हाक मारली तरी ती खिडकीकडेच बघत होती. मी जवळ जाऊन बाकावर थाप मारली आणि म्हणालो, "काय गं, कान घरी ठेवून आलीस का?"

वर्ग खदखदून हसला. तीही हसली. सगळे हसतायत म्हणून हसली, हे आज कळतं. पुढे कित्येक दिवस मुलं तिला "कान आणलेस का?" असं विचारायची. मी ऐकत होतो. कुणाला दटावलं नाही. विनोद माझा होता.

एप्रिलमध्ये नोंदी लिहायची वेळ आली. दादरच्या एका दुकानात तयार वाक्यांची पुस्तिका मिळते, विषयवार. ती मी आणली. दुपारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसलो. कला या विषयाखाली वाक्यं होती अकरा. मुलं एकतीस. एक ते अकरा, परत एक ते अकरा, आणि उरलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून. दोन शेजाऱ्यांना एकच वाक्य जाणार नाही एवढी काळजी घेतली. अक्षर सुरेख काढलं. तेविसाव्या नावासमोर आलं पहिलंच वाक्य: "गाणी लक्षपूर्वक ऐकते व तालासुरात म्हणते."

एकदाही पेन थांबलं नाही. तासाभरात एकतीस मुलांची कला संपली.

त्या वर्षी तपासणीला आलेले साहेब माझी नोंदवही चाळून म्हणाले, "वा! किती वैविध्य आहे. प्रत्येक मुलाकडे बारीक लक्ष दिसतंय." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

निकालाच्या दिवशी तिची आई आली. सगळे पालक गेल्यावर थांबली, मुलीचा हात धरून. चाचरत म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. हिला ऐकायला कमी येतं का हो? घरी टीव्ही एवढा मोठ्याने लावते. हाक मारली तर बघत नाय. ते फोनवर शाळा होती ना, कानात घालून बसायची दोन वर्षं, त्याने काय झालं असेल काय? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुला उगाच संशय."

हा क्षण मी पुष्कळदा उलटा-सुलटा करून पाहिला आहे. मला इतकंच म्हणायचं होतं की, बाई, मला माहीत नाही, एकदा डॉक्टरला दाखवा. श्रुतलेखनाच्या चुका माझ्या डोळ्यांसमोर होत्या. खिडकीकडे बघणारी ती मान आठवत होती. कान घरी ठेवून आलीस का, हे माझंच वाक्यही आठवत होतं. पण मला माहीत नाही असं म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग हे लिहिलंत कसं?

मी प्रगतिपत्रक उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचा. गाणी लक्षपूर्वक ऐकते. तालासुरात म्हणते. ऐकू येत नसतं तर सुरात गायली असती का?"

तिने ओळ दोनदा वाचली. तिचा चेहरा असा सैलावला, की मला स्वतःलाच आपण चांगलं काम केल्यासारखं वाटलं. ती हसली आणि मुलीच्या पाठीत हलकी चापट मारून म्हणाली, "काय गो, मुद्दाम करतंस ना? घराकडे चल, बघतंय तुका."

मुलगी माझ्याकडे बघत होती. माझ्या ओठांकडे.

चौथीतही ती माझ्याच वर्गात होती, आणि संगीताचे तास चौथीतही झाले नाहीत. नोंदी पुन्हा पुस्तिकेतून उतरवल्या. त्या वर्षी तिच्या वाट्याला चित्रकलेचं वाक्य आलं.

पाचवीला ती शेजारच्या बाईंच्या वर्गात गेली. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल. बाईंचा एक खेळ होता. मुलांनी डोळे मिटून बसायचं, बाई मागे उभं राहून टाळ्यांचा एक ताल वाजवणार, मुलांनी तो परत वाजवायचा. तोवर ती मुलगी डोळे किलकिले करून दुसऱ्यांचे हात बघून वाजवत असावी. त्या दिवशी बाईंनी एकेकाला पुढे बोलावलं. ती पुढे आली, डोळे मिटले आणि नुसती उभी राहिली. हात तयार ठेवून. बाईंनी पुन्हा वाजवलं. मग डाव्या कानाजवळ जाऊन वाजवलं. ती तशीच उभी, सुरू कधी होणार म्हणून वाट बघत.

बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या त्या थेट माझ्यासमोर बसल्या. डबा उघडला नाही.

"सर, तुमच्याकडून आलेली ती दोन वेण्यांची मुलगी. तिला ऐकू येत नाही हो. डाव्या बाजूने तर काहीच नाही."

मी म्हणालो, "काय सांगता!"

"दोन वर्षं होती ना तुमच्याकडे? मी जुनी नोंद काढून बघितली. तुम्ही तर लिहिलंय, तालासुरात म्हणते."

"तेव्हा म्हणायची," मी म्हणालो.

हे माझं दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा वाईट, कारण पहिलं छापील होतं. हे माझ्या तोंडचं होतं.

 बाई डबा न उघडताच उठून गेल्या. त्यांना कळलं असेल असं मला वाटतं. त्यानंतर त्यांनी पेटीवरून मला कधी चिडवलं नाही.

आईने मुलीला मोठ्या इस्पितळात नेलं. लहानपणची सर्दी कानात साचत राहिली होती, आत पडदे खराब झाले होते. डावा कान गेल्यातच जमा. उजव्याला ऐकण्याचं मशीन लागलं. महिन्याभराने आई शाळेत आली, पुढच्या बाकावर बसवा असं सांगायला. जिन्यात माझी गाठ पडली. मी चौकशी केली. करावीच लागली.

"डॉक्टर ओरडले हो सर," ती म्हणाली. "दीड वर्ष आधी आणली असतीत तर म्हणे बराच फरक पडला असता. मी म्हटलं, माझ्या मनात आलेलं तेव्हा. पण मग मलाच वाटलं, आपला भास असेल. तुम्ही एवढं लिहिलं होतंत, म्हणजे तेव्हा बरी असणार. नंतर बिघडलं असेल. माझंच लक्ष नव्हतं. शिवणाच्या मशीनवर बसले की कशाचं भान नसतं मला. हे पण तेच म्हणतात."

"हे पण" म्हणजे तिचा नवरा. म्हणजे घरात तिला बोलणी बसत होती. ज्या बाईला सगळ्यात आधी कळलं होतं, ती दोषी ठरली होती.  "असू द्या, आता मशीन आहे ना," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"हो ना," ती म्हणाली. "तुमचे उपकार आहेत सर, दोन वर्षं सांभाळून घेतलंत तिला."

त्यानंतरच्या सोमवारी मी पेटी बाहेर काढली. उंदीर नव्हते, भात्याला मात्र भेग गेली होती. ती चिकटवून घेतली. आता माझ्या वर्गात मंगळवारी आणि शुक्रवारी गाणं होतं, टाळ्यांचा खेळ होतो, शाडूने फरशी बरबटते. नोंदी मी स्वतः लिहितो. वेळ लागतो, आणि पुष्कळदा लिहिण्याआधी त्या मुलाला पुन्हा एकदा बघावं लागतं. पट काही वाढलेला नाही, पण त्यामुळे घटला असंही नाही. मधे एका प्रशिक्षणात मला अनुभव सांगायला उभं केलं. मी टाळ्यांच्या खेळाची गोष्ट सांगितली. आमच्या शाळेतल्या एका बाईंना एका मुलीचं बहिरेपण कसं दहा मिनिटांत कळलं, ते सांगितलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आधीची दोन वर्षं ती मुलगी कुणाच्या वर्गात होती, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.  हे लिहायला घेतलं ते त्यानंतर.

ती आता सातवीत आहे, दुसऱ्या शाळेत. गेल्या महिन्यात काळाचौकीच्या बस थांब्यावर दिसली. मला बघून "सर!" म्हणाली, जरा मोठ्याने, आणि मी काय बोलतोय ते नीट ऐकू यावं म्हणून उजवी बाजू माझ्याकडे वळवली. मी विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे. अजून डॉक्टरकडे गेलो की रडते," ती म्हणाली. "मी सांगते तिला, तुझी काय चूक, तर ऐकतच नाही."

मग स्वतःच हसली. "सर, मी तरी मशीन लावते. तिला काय लावायचं?"

बस आली, ती शाळेला जायला चढली. त्या थांब्यावरून तिचं घर चालत पाच मिनिटांवर आहे. मला माहीत आहे. मी दुसऱ्या बाजूने चालत परळला आलो.

त्या आईची शंका खरी होती. मी दाखवलेलं वाक्य तिच्या मुलीबद्दल नव्हतं, पुस्तिकेतलं होतं, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिच्या दारात जाऊन, तिच्या नवऱ्यासमोर, एवढं सांगायचं देणं मी तिचं लागतो. अजून गेलेलो नाही.