आईचं लुगडं आणि चंपी म्हैस

आज सांगलीच्या कॉलेजात शिकवत होते. वास ओळखणाऱ्या चेतापेशी प्राण्यांच्या नाकात आयुष्यभर मरत राहतात, त्यांच्या जागी नव्या तयार होतात आणि मेंदूत जुन्याच ठिकाणी जाऊन जोडल्या जातात. एका मुलीने विचारलं, "म्हणजे पेशी बदलल्या तरी ओळख तीच राहते?" मी हो म्हणाले आणि खडू हातात तसाच राहिला. पलूसजवळचा आमचा गोठा आठवला होता.

मी लहान असताना एका सकाळी आई तापाने फणफणली होती. माझे वडील, आबा, फौजेतून बऱ्याच दिवसांनी सुट्टीवर आले होते आणि आमची चंपी म्हैस त्यांना कासेला हातच लावू देईना. आईने आतून हाक मारली, "आवं, माजं लुगडं घ्या की अंगावर. वासावर वळखती ती."

मग मिशीवाले आबा डोक्यावरून पदर घेऊन चंपीपुढे उभे राहिले. लुगड्याला शेणाचा, चुलीच्या धुराचा आणि आईच्या घामाचा वास होता. माझी तर हसून हसून मुरकुंडी वळली. चंपीने लुगडं हुंगलं, मग आबांचा हात सावकाश हुंगला आणि पान्हा सोडला.

दुधाने भरलेली चरवी घेऊन आबा आईच्या उशाशी बसले. आईने विचारलं, "फसली का न्हाई?"

"फसतीय कुठली! मी तू न्हाई, हे कळलं तिला. पर तुजाच हाय, हे बी कळलं."

आईने लाल झालेलं तोंड भिंतीकडे फिरवलं. ताप चढला असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.